झाकली मूठ

पाच मिनिटांचा डाव. वाढीव सेकंद नाहीत.
जेलरोडला, समाजमंदिराच्या हॉलमध्ये,
डिसेंबरातला रविवार, सतरंजीतून गारठा वर येतोय.
समोर पेठकडची यामिनी भोये, वय अकरा,
स्वेटरची बाही पंज्यावर ओढलेली.
चालीपुरती बोटं बाहेर येतात,
घड्याळावर टपली मारून पुन्हा आत.

मी प्रेसमधून रिटायर. एकतीस वर्षं
नोटांच्या शिटा डोळ्यांखालून गेल्या,
शाई पसरलेली, नंबर सरकलेला, काढ बाजूला.
चूक मला दिसते.
चोविसाव्या चालीतली माझीही दिसली,
घड्याळ दाबल्यावर.

आता पटावर एवढंच.
तिचं कडेचं प्यादं सातव्या घरात,
वजीर व्हायला एक पाऊल कमी.
त्याच्या तोंडापुढे, कोपऱ्यात, माझा हत्ती,
हलला की गेलंच.
त्याच्या पाठीशी तिचा हत्ती,
आख्खी पट्टी मोकळी, हवं तिथे उभा राहील.
एकाच प्याद्याला दोन हत्ती,
एक वॉचमन, एक बाप.

राजे समोरासमोर, मध्ये एक घर.
घोड्याच्या पट्टीत तिचं एक, माझं एक
प्यादं डोक्याला डोकं लावून,
त्यांच्याकडे तासभर कुणी बघितलेलं नाही.
(तास कुठला, चार मिनिटं.)

चाल माझी.
तिची असती तर हत्ती एक घर पुढे,
आणि पुन्हा माझीच.
जर्मनांनी याला झुगझ्वांग असा शब्द ठेवलाय.
आपल्याकडे म्हणतात इकडे आड, तिकडे विहीर,
पण आडाच्या काठावर माणूस बसून तरी राहतो,
बिडी ओढतो, कुणी येतंय का बघतो.
इथे बसायची सोय नाही.
उडी मारा, आणि ती कुठे मारली ते दाबून सांगा.

अकरा सेकंद. तिचे नऊ.
राजा सरकवला, कडेच्या प्याद्याकडे.
ती दुसऱ्या बाजूने आत शिरली.
मी धावतोय कोपऱ्याकडे, ती घोड्याच्या पट्टीत,
माझं ते बिनकामाचं प्यादं तिच्या राजाने
वाटेतलं बोर तोडावं तसं उचललं.
मी कडेचं खाल्लं. हत्तीवर हत्ती गेला.
सगळ्या डावाने ज्याची वाट बघितली
ते प्यादं डबीत.
आणि मागे राहिलेलं, मुकं,
एक घर, दोन घरं, आठवं.

यामिनीचा हात वजीर शोधायला गेला.
डबीजवळ. डबीत. बोर्डाखाली.
तीन सेकंद.
बाराव्या चालीला आम्ही वजीर मारले होते,
तिचा तेव्हापासून माझ्या डाव्या मुठीत.
सवय आहे. काहीतरी लागतं हातात.
तिने मेलेला हत्ती उचलला, उलटा करायला लागली,
मग थांबली. तिला नियम माहीत होता,
उलटा केला तरी हत्ती तो हत्तीच.
घड्याळ थांबवून पंचांना हाक मारता येते,
हा नियम बहुधा नव्हता.

माझा नुसता राजा. तिची वेळ संपली
तर बरोबरी. मला काहीच करायचं नव्हतं.
प्रथमच त्या संध्याकाळी
बसून राहायची सोय होती.

एकतीस वर्षं शिफ्ट सुटली की गेटवर
दोन्ही पंजे उघडून दाखवले.
शिपाई बघायचा, मान हलवायचा, पुढचा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात लोक,
सव्वा लाख किती शिटांचे ते मला विचारा.

गायधनी सर आले, वाकले, दोन्ही आकडे बघितले.
तिच्या बाजूला शून्य.
अर्धा, अर्धा, त्यांनी लिहिलं.
तिने सही केली, बाही पुन्हा ओढली,
म्हणाली, काका, वजीर तुमच्याकडे होता.

होता. मी दिला तिला.
मूठ उघडली मी, खोटं सांगत नाही,
लाकूड घामाने ओलं होतं.
फक्त कितव्या सेकंदाला उघडली
ते विचारू नका.